चोपदार आणि खिशातला फोन

चार माणसांनी ठरवून एकत्र चालायचे म्हटले, की तीन प्रश्न उभे राहतात. निघायचे केव्हा, जायचे कोणत्या वाटेने आणि मागे राहिलेल्याची काळजी वाहायची कोणी? पहिल्या दोहोंची उत्तरे आज प्रत्येकाच्या खिशातला फोन चुटकीसरशी देतो. तिसऱ्याचे उत्तर मात्र वारकऱ्यांनी फोनच्या कितीतरी आधी देऊन ठेवले आहे. परमुलखात स्थिरावलेल्या मराठी मंडळींनी रविवारच्या सामुदायिक भटकंतीचा बेत आखताना ते एकदा नजरेखालून घालावे, असे आम्हांस वाटते.

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले ते हैबतबाबा आरफळकर यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. रथाच्या पुढे आणि मागे दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात. सकाळी कर्णा तीन वेळा वाजतो : पहिल्याला सामान आवरायचे, दुसऱ्याला सज्ज व्हायचे, तिसऱ्याला पाऊल उचलायचे. संध्याकाळी तळावर समाजआरतीसाठी दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदार चोप उंचावतो आणि टाळ-मृदंगांचा तो कल्लोळ क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती तेवढी टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा करतो. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणा होते, उद्या निघण्याची वेळ सांगितली जाते आणि त्यानंतर आरती. हजारोंच्या त्या समुदायात एका दिंडीचे दुखणे ऐकू यावे म्हणून बाकी सर्वांनी गप्प राहायचे, ही केवढी मोठी सोय आहे!

आता व्हॉट्सॲपच्या गटाकडे पाहावे. तेथे सगळेच टाळ एकदम वाजत असतात. सुप्रभातची फुले, कोणाच्या नातवाचा वाढदिवस आणि त्यांच्याखाली कोठेतरी ‘उद्या सहाऐवजी सात वाजता’ ही ओळ. केवळ संयोजकांनीच संदेश पाठवावेत अशी सोय २०१८ पासून या गटांत आहे. सूचनांसाठी असा एक गट वेगळा ठेवावा. तो आपला कर्णा. परंतु तेवढ्यावर थांबले, तर टाळ वाजवीत राहणाऱ्या दिंडीची वाट बंद होते. म्हणून तक्रार, अडचण, गुडघेदुखी कोणाच्या कानी घालायची, त्या एका व्यक्तीचे नाव प्रत्येक सूचनेखाली असलेच पाहिजे. आमच्या मते संयोजनातील सर्वांत मोलाचे पद हेच. फोटो काढणाऱ्याला मात्र उमेदवार पुष्कळ मिळतात.

इंग्लंडातील ‘रॅम्बलर्स’ ही पायी भटकणाऱ्यांची संस्था १९३५ साली स्थापन झाली. तिचे स्वयंसेवक आपापल्या भागातील फेऱ्या संकेतस्थळावर नोंदवितात : अंतर किती, वाट सोपी की अवघड, जमायचे कोठे. एवढी माहिती आधी मिळाली, की सत्तरीच्या आजोबांना आपला निर्णय आपणच घेता येतो. त्यांना इतरांनी ‘तुम्ही नका येऊ’ असे सांगावे लागत नाही.

आमचे मावला हे आदिलाबाद शहराला लागूनच. २०१६ च्या जिल्हा-पुनर्रचनेत ते मंडलाचे ठिकाण झाले. येथे तलाव आहे, झाडी आहे आणि राष्ट्रीय महामार्ग ४४ देखील आहे. पौषातल्या सकाळी धुके असते आणि महामार्गावरच्या मालमोटारी काही धुक्यासाठी थांबत नाहीत. फोनवरचा नकाशा मोटारवाल्याची सोय प्रथम पाहतो. शेताच्या कडेची पाणंद त्यात असेलच असे नाही. येथे ‘ओपनस्ट्रीटमॅप’ उपयोगी पडतो. २००४ साली सुरू झालेला हा नकाशा स्वयंसेवकच भरतात, आणि आपल्या पायाखालची वाट आपणच त्यात नोंदवू शकतो. नकाशा आधी उतरवून घेतला, की वाटेत नेटवर्क नसले तरी अडत नाही. व्हॉट्सॲपवर आपण कोठे आहोत ते १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तास इतरांना दाखविता येते. ते सर्वांनी दाखवीत बसू नये. सर्वांत पुढचा आणि सर्वांत मागचा, अशा दोघांनी दाखविले की पुरे.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे निराळाच आहे. तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात शिकणारी आपली मुले घरात मराठी बोलतात, पण देवनागरी वाचताना अडखळतात; उलट आजीला रोमन लिपीतली मराठी म्हणजे कोडेच. यावर तोड एकच. सूचना बोलून पाठवावी. अर्ध्या मिनिटाचा ध्वनिसंदेश नातवाला कळतो आणि आजीलाही. शिवाय चालताना काय बोलायचे, त्याची सुरुवातही मराठीत होते.

आणि ज्यांच्याकडे असा फोनच नाही? रात्री दहाला फोनवर बदललेली वेळ त्यांना कळत नाही आणि ती मंडळी थंडीत ठरल्या जागी येऊन उभी राहतात, हे आम्ही पाहिले आहे. आमच्याच जिल्ह्यात केसलापूरला पौष अमावास्येच्या सुमारास नागोबाची जत्रा भरते. त्याआधी मेस्राम कुळातील गोंड बांधव गोदावरीचे जल आणण्यासाठी पायी जातात. त्याची वर्दी देण्यासाठी बैलगाडी गावोगाव फिरते. निमंत्रण दारापर्यंत माणूसच घेऊन येतो. आपल्या फेरीतही फोन नसलेल्या प्रत्येक घरामागे एक शेजारी नेमून द्यावा आणि रात्री नऊनंतर वेळ बदलूच नये.

नावनोंदणीसाठी गूगलचा फॉर्म सोयीचा आहे. त्यात नाव, घरच्या एका माणसाचा क्रमांक आणि प्रकृतीची काही अडचण असल्यास ती, एवढेच विचारावे. ही यादी संयोजकापाशीच राहावी. लेकीसुनांचे क्रमांक सर्वांपुढे टाकणे बरे नव्हे, आणि फेरी संपली की यादी पुसून टाकावी.

निघताना माणसे मोजावीत, अर्ध्या वाटेवर पुन्हा मोजावीत. ‘सर्व पोहोचले’ हा संदेश सर्वांत मागे चालणाऱ्यानेच पाठवावा. तो येईपर्यंत पुढच्यांनी चहाच्या टपरीवरून हलू नये.