पोरीच्या मोबाईलवर काही भानगड झाली तर आईने आधी काय म्हणावं?

मुखेड : मुक्रमाबाद, बाऱ्हाळी, जांब भागातल्या खेड्यांतून मुली शिकायला एसटीने ये-जा करतात. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. पण याच वयात नवीन मैत्रिणी, वर्गातली मुलं, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप हे सगळं एकदम समोर येतं. अशा वेळी आईने काय करावं?

मुली गप्प का बसतात?

समजा, कुणीतरी मुलीच्या डीपीवरचा फोटो घेऊन तो घाण बनवला आणि 'ऐकलं नाहीस तर गावभर टाकतो' अशी धमकी दिली. मुलीला त्याची भीती वाटतेच, पण घरची भीती जास्त वाटते. मोबाईल जाईल, शाळा बंद होईल, स्थळं बघायला सुरुवात होईल. म्हणून ती सांगत नाही. धमकी देणाऱ्यालाही हे चांगलं माहीत असतं.

त्यामुळे काही घडायच्या आधीच लेकीला सांगून ठेवा, "काही झालं तरी आधी मला सांग. तुझी शाळा मी बंद होऊ देणार नाही." आणि हा शब्द पाळा. एकदा खरं सांगून मार बसला, तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

आई-वडील ऊसतोडीला गेले की मुलगी आजीजवळ राहते. जाण्याआधी मावशी, काकू, अंगणवाडीताई किंवा शाळेतल्या मॅडम, यांच्यापैकी एक भरवशाची बाई ठरवून द्या. फोनवर रोज बोला.

रोजचं लक्ष कसं ठेवावं?

मोबाईल हिसकावून तपासू नका. "हे कसं चालतं, मला दाखव बरं," असं म्हणून शेजारी बसा. इन्स्टाग्रामवर १३ वर्षांखाली खातं काढता येत नाही. १८ च्या आतल्यांचं खातं आपोआप खासगी राहतं आणि अनोळखी माणसाला मेसेज टाकता येत नाही. पण जन्मसाल खोटं टाकलं की हे संरक्षण मिळत नाही. तेवढं तपासा. व्हॉट्सॲपचा डीपी फक्त ओळखीच्या नंबरांना दिसेल असं सेटिंग करा.

वर्गातल्या मुलाशी बोलली म्हणजे पोरगी बिघडली, असं नाही. पण चार गोष्टी विचारा : तो फोटो मागतो का? 'घरी सांगू नको' म्हणतो का? एकटीला बोलावतो का? नाही म्हटलं की चिडतो का? एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर सावध व्हा. पोक्सो कायद्यात (२०१२) १८ वर्षांखालच्या मुलीची संमती धरली जात नाही. हे मुलांच्या आयांनीही आपल्या पोराला सांगावं.

घडलंच तर काय करावं?

- मेसेज डिलीट करू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि खात्याचं नाव लिहून ठेवा, मग ब्लॉक करा.
- पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते.
- तो फोटो नातेवाइकांनाही पाठवू नका. लहान मुलींचे अश्लील फोटो पुढे पाठवणं हाही गुन्हा आहे.
- चाइल्ड हेल्पलाइन १०९८ चोवीस तास मोफत आहे. लगेच पोलीस हवे असतील तर ११२. पैसे गेले असतील तर १९३०.
- सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवर अशा फोटोंची तक्रार नाव न देताही करता येते.
- पोक्सोच्या प्रकरणात मुलीचा जबाब घरीही घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी तो घेतात. मुलीचं नाव छापता येत नाही.

लग्न हा उपाय नाही

'बदनामी नको' म्हणून घाईत लग्न उरकलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झालं होतं. २००६ च्या कायद्याने असं लग्न लावणाऱ्यांना २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कुठे असं ठरत असेल, तर ग्रामसेवकांना किंवा १०९८ वर कळवा.

चूक धमकी देणाऱ्याची आहे. त्यासाठी मुलीची शाळा सुटता कामा नये, हे घरातल्या पुरुषांनाही आईनेच ठामपणे सांगावं.