तेल्याचे हत्यार जनुकांत
जुन्नर, आंबेगाव परिसरातील डाळिंब बागायतदाराला मोठी धास्ती असते ती तेल्याची. पाना-फळांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकते आणि हंगामाची मेहनत मातीमोल होते. ‘झॅन्थोमोनास’ प्रजातीतील एक जिवाणू या रोगाला कारणीभूत आहे. २०१२ मध्ये त्याच्या जनुकसंचाचा प्राथमिक आराखडा प्रसिद्ध झाला. त्याची लांबी सुमारे ४९ लाख अक्षरे भरली. याच प्रजातीतील, उसाच्या पानांवर पांढऱ्या रेषा उमटवणाऱ्या जिवाणूचा संच मात्र सुमारे ३८ लाख अक्षरांचाच आहे.

मग लहान संचाचा जिवाणू निरुपद्रवी का? तसे नाही. तेल्याचा जिवाणू सुईसारख्या यंत्रणेतून काही प्रथिने झाडाच्या पेशीत सोडतो. त्यांपैकी ‘झॉप-एल’ व ‘झॉप-एन’ झाडाची प्रतिकारशक्ती दडपतात. उसावरील जिवाणूकडे तशी यंत्रणा नाही. तो ‘अल्बिसिडिन’ नावाचे विष तयार करून हरितलवकांची वाढ रोखतो. म्हणजेच जनुके किती, यापेक्षा ती कोणती, हे निर्णायक ठरते.

तेल्या एकदा बागेत शिरला की आवरणे कठीण. म्हणूनच रोगमुक्त रोपे, छाटणीच्या कात्रीचे निर्जंतुकीकरण आणि रोगट फळा-फांद्यांचा वेळीच नाश, हीच खरी ढाल आहे.