आजार बरा झाला, मग पाय का गेले?

मैत्रिणींनो, गावभेटीत आणि गटाच्या बैठकीत एक वाक्य वारंवार कानावर येतं: "दवाखान्यात चालत गेली होती, आणताना उचलून आणावी लागली." न्यूमोनिया बरा झालेला असतो, साखर आटोक्यात असते, रिपोर्ट चांगले असतात. तरी सासूबाईंना बाजेवरून उठवत नाही. मग घरचे म्हणतात, "वय झालं आता." पण दर वेळी कारण वयच असतं असं नाही. बऱ्याचदा कारण असतं खाटेवर पडून काढलेले आठ-दहा दिवस.

ताकद जाते कुठे?

आपलं अंग वापरलं तरच टिकतं. 2007 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात धडधाकट वयस्कर माणसांना फक्त 10 दिवस खाटेवर झोपवून ठेवलं. त्यांच्या पायांचं जवळपास एक किलो मांस झडलं आणि ताकदही घटली. ही माणसं आजारी नव्हती, बरं का. आजारात तर ताप असतो, तोंडाला चव नसते, वॉर्डात रात्रीची झोप नसते. पोटात पुरेसं गेलं नाही की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून वापरतं.

अशाच दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की 70 वर्षांपुढच्या रुग्णांपैकी साधारण तिघांत एकाला, घरी जाताना अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, यातलं आधी जमणारं एखादं काम जमेनासं झालं होतं.

पडून राहण्याने आणखीही त्रास होतात. उठून उभं राहिलं की चक्कर येते. पोट साफ होत नाही. पाठीला, टाचेला जखमा होतात. काही म्हातारी माणसं बरळायला लागतात, ओळख विसरतात.

आपण प्रेमापोटी काय करतो?

"पडशील, उठू नको." आपण असं म्हणतो आणि ताटली तोंडाशी नेतो, डायपर लावतो. चप्पल, काठी, चष्मा, कवळी घरीच राहते. त्यात सलाईन आणि लघवीची नळी. उठायचं कारणच उरत नाही. पडण्याची भीती खरी आहे, पण पाय कमजोर झाले की पुढे पडण्याचा धोका आणखी वाढतो.

आणि याचा भार कोणावर येतो? समजा, आजारपणाआधी सासूबाई शेळ्या बघत होत्या, नातवंडं सांभाळत होत्या. आता त्यांनाच उचलून बसवायला एक माणूस लागतं. ते माणूस म्हणजे बहुतेक वेळा सून नाहीतर लेक. कापूस वेचणीची मजुरी बुडते, बैठक चुकते, हप्ता थकतो. म्हणून हा विषय आपल्या गटाचाही आहे.

दवाखान्यात काय करायचं?

जालन्याचं जिल्हा रुग्णालय असो, तालुक्याचा दवाखाना असो की संभाजीनगरची घाटी, डॉक्टर राउंडला आले की रोज तीन प्रश्न विचारा: "आईला बसवू का? उभं करू का? चालवू का?" ते हो म्हणाले की मग:

1. जेवण झोपून नाही, बसून. पाय खाली सोडून बसवा.
2. उठवताना घाई नको. आधी दोन-तीन मिनिटं बसू द्या, चक्कर नाही ना विचारा, मग उभं करा.
3. पडल्या पडल्या पावलं वरखाली हलवणं, गुडघा वाकवून सरळ करणं, दिवसातून तीन-चार वेळा.
4. जमत असेल तर संडासला धरून चालवत न्या.
5. "लघवीची नळी अजून लागते का?" हे विचारा.
6. चष्मा, कवळी, काठी, न घसरणारी चप्पल पहिल्याच दिवशी सोबत न्या.

एक लक्षात ठेवा. हाड मोडलेलं असेल, छातीत दुखत असेल, दम लागत असेल, बीपी फार कमी असेल किंवा लकवा मारला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उठवू नका.

खाण्याचं काय?

भेटायला येणारे मोसंबी आणतात. मोसंबी चांगलीच, पण तिने मांस भरत नाही. त्याला प्रथिनं लागतात. वजनाच्या दर किलोमागे रोज निदान 1 ग्रॅम, म्हणजे 45 किलोच्या बाईला 45 ग्रॅम; आजारात थोडी जास्तच. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, कपभर दुधात 6 ते 7, मूठभर शेंगदाण्यात 6 मिळतात. नुसती साबुदाण्याची खीर आणि चहा-बिस्कीट पुरत नाही. घट्ट वरण, मुगाची खिचडी, दही, अंडं, शेंगदाण्याचं कूट द्या. किडनीचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

घरी आल्यावर

ताकद दिवसांत जाते, परत यायला आठवडे लागतात. म्हणून धीर सोडू नका. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून पाच वेळा उठणं-बसणं, दिवसातून तीनदा. पहिले दिवस धरून अंगणापर्यंत, मग ओट्यापर्यंत, मग शेजारणीच्या दारापर्यंत. त्यांच्या हाताला होईल ते काम द्या, लसूण सोलणं, शेंगा फोडणं. सुट्टी होतानाच "फिजिओथेरपी लागेल का, कुठे मिळेल?" हे विचारून घ्या.

70 वर्षांपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांपुढच्या, 2 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साहित्यासाठी एकदा 3000 रुपये आहेत. अर्जाची चौकशी समाज कल्याण कार्यालयात करा. ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन 14567 आहे.

पुढच्या बैठकीत बोलूया

- गटातल्या कोणाच्या घरी सध्या म्हातारं माणूस दवाखान्यात आहे किंवा नुकतं आलंय?
- सोबत राहणाऱ्या ताईला दोन तास सुटी मिळावी म्हणून कोण पाळी घेईल?
- गावात एक वॉकर आणि एक कमोड खुर्ची सामाईक ठेवता येईल का? ठेवायची कोणाकडे?

ठरलेलं इतिवृत्तात लिहा, म्हणजे पाळी कोणाची ते विसरायला होणार नाही.