शंभर एमबीपीएसचं नेट रात्री नऊलाच का अडखळतं?

दिवसभर नीट चालणारं घरचं नेट रात्री नऊ वाजले की रडायला लागतं. व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा गोठतो, आवाज तुटतो. नेटवाल्याला फोन केला तर तो सांगतो, "स्पीड टेस्ट करून बघा, स्पीड पूर्ण येतोय." टेस्ट केली तर खरंच पूर्ण येतो! मग अडतं कुठे?

तालुक्याच्या गावात किंवा शहराच्या उपनगरात नेट देणारा लहान पुरवठादार, म्हणजे बऱ्याचदा आधीचा केबलवालाच, मोठ्या कंपनीकडून घाऊक बँडविड्थ घेतो आणि घरोघरी किरकोळीने वाटतो. समजा, त्याने १ गिगाबिट घेतली आहे. ४०० घरं आहेत आणि प्रत्येक घराचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. म्हणजे विकले ४० गिगाबिट, हातात आहे १. ऐकायला ही लबाडी वाटते, पण जगभर हा धंदा असाच चालतो. सगळी घरं एकाच क्षणी पूर्ण स्पीड ओढत नाहीत. दूरसंचार नियामक ट्रायने २००९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही घरगुती ब्रॉडबँडसाठी ५० ग्राहकांमागे एक इतकी वाटणी चालेल असं धरलं होतं.

पण गर्दीच्या वेळी या ४०० घरांचा सरासरी वापर प्रत्येकी अडीच मेगाबिटवर गेला, की बरोबर १,००० मेगाबिट होतात. पाइप भरला. यूट्यूब, नेटफ्लिक्ससारख्यांचे साठवणूक सर्व्हर जवळच्या नेटवर्कमध्ये असतील तर बाहेरून येणारा भार बराच हलका होतो. तरीही भरलेल्या पाइपपुढे डेटाची रांग लागतेच, आणि खरा त्रास तिथे सुरू होतो.

रांग लांबली की कॉल तुटतो

इंटरनेटवरचा डेटा छोट्या छोट्या पॅकेटमधून जातो. पुढे जागा नसेल तर राउटर ती पॅकेट बफरमध्ये थांबवून ठेवतो. मेमरी स्वस्त झाली तसे हे बफर फुगत गेले. पॅकेट फेकण्यापेक्षा ठेवलेलं बरं, असा साधा हिशेब त्यामागे होता.

तो अंगाशी कसा येतो ते बघा. घराचा अपलोड २० एमबीपीएस आहे आणि मोबाइल फोटोंचा बॅकअप घेतोय. राउटरच्या बफरमध्ये १ मेगाबाइट, म्हणजे ८ मेगाबिट डेटा साचला, तर तो रिकामा व्हायला ८ भागिले २०, म्हणजे ०.४ सेकंद लागतात. त्याच घरात कोणी नोकरीची ऑनलाइन मुलाखत देत असेल, तर त्याच्या आवाजाचं प्रत्येक पॅकेट या फोटोंच्या मागे ०.४ सेकंद ताटकळतं. आवाजाला सेकंदाला जेमतेम १०० किलोबिट लागतात. स्पीड भरपूर आहे, पण वेळेवर पोचत नाही. स्पीड टेस्टचा मोठा आकडा हे दाखवत नाही.

२०१० मध्ये बेल लॅब्जमधले जिम गेटिस घरून मोठ्या फाइल पाठवत असताना त्यांना हाच विलंब दिसला. पुढे या दुखण्याला 'बफरब्लोट' हे नाव मिळालं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 'कोडेल' नावाचा उपाय मांडला. यात रांगेत किती पॅकेट आहेत हे न मोजता प्रत्येक पॅकेट किती वेळ थांबलं हे मोजतात. ही वेळ सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिली तर राउटर एखादं पॅकेट टाकून देतो. पाठवणाऱ्याला इशारा कळतो आणि तो हात आखडता घेतो. यालाच जोडून प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग लावली, की मुलाखतीचं पॅकेट फोटोंच्या मागे अडकत नाही. 'एफक्यू-कोडेल' आणि 'केक' या पद्धती असंच करतात. केक तर आधी घराघरांत समान वाटणी करून मग घरातल्या प्रवाहांकडे बघू शकते, त्यामुळे शेजाऱ्याने पन्नास डाउनलोड लावले तरी तुमचा वाटा शाबूत राहतो.

लहान पुरवठादारांकडे सर्रास दिसणाऱ्या मायक्रोटिक राउटरच्या सातव्या आवृत्तीत या दोन्ही पद्धती आहेत. लिब्रेक्यूओएस हे फुकट सॉफ्टवेअर तर याच कामासाठी लिहिलेलं आहे. यात एक खुबी सांभाळावी लागते. पुरवठादाराने आपली मर्यादा घाऊक जोडणीच्या किंचित खाली ठेवायची, म्हणजे रांग त्याच्याच राउटरमध्ये लागते. ती वरच्या कंपनीच्या राउटरमध्ये लागली, तर त्याच्या हातात काही उरत नाही.

कोणाला आधी सोडायचं?

यावर पटकन सुचणारा तोडगा म्हणजे कॉलला पुढे, सिनेमाला मागे. पण बहुतेक ट्रॅफिक आता कूटबद्ध असतं, त्यामुळे कशात काय आहे हे ओळखणं अंदाजाचं काम होतं. शिवाय कायदाही आडवा येतो. सरकारने २०१८ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं स्वीकारून परवान्यांत घातली. त्यानुसार पुरवठादाराला एखादं ॲप किंवा संकेतस्थळ निवडून अडवता, मंदावता किंवा पुढे काढता येत नाही. वाजवी ट्रॅफिक व्यवस्थापनाला मुभा आहे, पण ते गरजेपुरतं, तात्पुरतं आणि उघड असायला हवं. घरागणिक समान वाटणीत ॲप कोणतं हा प्रश्नच येत नाही, म्हणून तोच मार्ग सरळ. अर्थात पाइप रोज रात्री भरत असेल तर रांग कितीही हुशारीने लावा, जादा बँडविड्थ विकत घेण्याला पर्याय नाही.

स्वतःच्या नेटची परीक्षा घ्यायची असेल तर रात्री नऊनंतर स्पीड टेस्ट करा आणि टेस्टचा सर्व्हर बदलून बघा. ॲप अनेकदा पुरवठादाराचाच किंवा जवळचा सर्व्हर निवडतं आणि घाऊक जोडणीची कसोटी लागतच नाही. दुसरं म्हणजे स्पीडच्या आकड्याशेजारचा पिंग वाचा. नुसता असताना २० मिलिसेकंद आणि डाउनलोड किंवा अपलोड सुरू असताना ४००, असा फरक दिसला तर दोष रांगेचा आहे. मग हीच टेस्ट घरच्या राउटरला वायर जोडून करायची, कारण कधी कधी अडचण वायफायमध्येच असते. वायरवरही पिंग तसाच उडाला, तर ते दोन आकडे पुरवठादाराला पाठवून विचारायचं, "तुमच्याकडे केक किंवा एफक्यू-कोडेल लावलंय का?"