खारं इंजिन, गोडं धरण: आउटबोर्ड फ्लश कसं करायचं?

ऐकताना पायऱ्यांचा क्रम हुकतो, म्हणून आजचा भाग इथे लिहूनही देतोय.

पहिला प्रश्न तुम्ही विचारणारच: जुन्नर-आंबेगावात समुद्र कुठाय? नाहीये. पण डिंभे, माणिकडोह, पिंपळगाव जोगे ही धरणं आहेत. बोटीसाठी जुनं आउटबोर्ड घ्यायचं म्हटलं की नजर कोकण किनाऱ्याकडे जाते. घोडेगावच्या माझ्या एका मित्राचं तेच चाललंय. त्याने विचारलं, "धरणाचं पाणी गोडंच आहे ना? तिथे चालवलं की मीठ आपोआप धुऊन जाईल!"

उत्तर अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं समजून घेऊ, कारण भर धरणात इंजिन बंद पडलं तर बोटीत माणसं असतात.

मीठ आत जातं कसं?

आउटबोर्डला कारसारखा रेडिएटर नसतो. खालच्या जाळीतून बाहेरचंच पाणी आत ओढलं जातं, रबराचा छोटा पंखा म्हणजे इम्पेलर ते वर ढकलतो, आणि इंजिन थंड करून ते बाहेर पडतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. इंजिन बंद केल्यावर गरम धातूवर उरलेलं पाणी वाळतं आणि मीठ मागे राहतं. त्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर फोडतं आणि धातूला बारीक खड्डे पाडतं. शिवाय खडे साचून पाण्याची वाट अरुंद होते आणि इंजिन तापायला लागतं.

आपल्याकडे हे कळायला अवघड नाही. फवारणी झाली की एचटीपी पंप लगेच साध्या पाण्याने चालवून घेतो ना? औषध आत वाळलं की नोझल चोकअप. तेच इथे.

म्हणून मुद्दा एकच: मीठ वाळायच्या आत धुवायचं. किनाऱ्यावर पंधरा दिवस तसंच पडलेलं इंजिन धरणात दोन फेऱ्या मारून स्वच्छ होईलच, याची खात्री नाही. विकणाऱ्याला आधी विचारा, "दर वेळी फ्लश करत होतात का?"

फ्लश करायची पद्धत

मॉडेलचं मॅन्युअल आधी बघा. काही इंजिनांना होज जोडायला वेगळं तोंड असतं. अशा बऱ्याच मॉडेलमध्ये इंजिन बंद ठेवूनच पाणी सोडायचं असतं.

तसं तोंड नसेल तर कानावरच्या हेडफोनसारखे दिसणारे रबरी 'मफ' मिळतात. ते जाळीवर दोन्ही बाजूंनी बसवायचे. मग:

१. जागा मोकळी, हवेशीर हवी. बंद शेडमध्ये धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो.
२. इंजिन उभं, गिअर न्यूट्रलला. मागचा पंखा काढता आला तर उत्तम, नाहीतर त्याच्याजवळ कुणीही नको. उपरणं, ओढणी, लहान मुलं सगळं लांब.
३. आधी पाणी सुरू, मग इंजिन. कोरडं चालवलं तर इम्पेलरचं रबर काही सेकंदांतही खराब होऊ शकतं.
४. इंजिनातून पाण्याची बारीक धार बाहेर पडतेय का बघा. धार नसेल किंवा मफ निसटला, तर लगेच बंद.
५. रेस करायची नाही. कमी वेगावर साधारण १० मिनिटं चालू द्या. थंड इंजिनात थर्मोस्टॅट बंद असतो. इंजिन गरम होऊन तो उघडला की पाणी सगळीकडे फिरतं. म्हणून दोन मिनिटांत उरकू नका.
६. आधी इंजिन बंद, मग पाणी. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर स्टॅक: जे आधी सुरू केलं ते शेवटी बंद.
७. सगळं पाणी निथळेपर्यंत इंजिन उभंच ठेवा.

मफ नसेल तर मोठा ड्रम चालतो. पाणी जाळीच्या आणि पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर हवं. पण तेच पाणी फिरून आत जातं, म्हणून एकदा तरी बदला. बोअरचं जड पाणी चालेल का? समुद्रापेक्षा कितीतरी बरं. पण पांढरे डाग पडणारं पाणी असेल, तर शेवटचा हात धरणाच्या किंवा नळाच्या पाण्याचा द्या.

धरणात उतरवण्याआधी

इंजिनाला बाहेरून धातूचे छोटे तुकडे बसवलेले असतात, त्यांना ॲनोड म्हणतात. इंजिनाच्या वाटणीची गंज ते स्वतःवर घेतात. समुद्रातल्या इंजिनाला जस्ताचे असतील तर गोड्या पाण्यात त्यांच्यावर कडक थर चढतो आणि ते काम करेनासे होतात. कायम धरणातच वापरायचं असेल तर मॅग्नेशियमचे लावा. दोन्हीकडे न्यायचं असेल तर ॲल्युमिनियमचे.

इम्पेलर जुना असेल तर नवा टाका. गिअर ऑइल दुधासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय, आधी मेकॅनिक गाठा. काढलेलं ऑइल डब्यात भरून ठेवा. धरणाचं पाणी आपण पितो.

पहिली फेरी काठाजवळ, दिवसाउजेडी मारा. लाइफ जॅकेट आणि वल्ही सोबत हवीतच. पाण्याची ती बारीक धार दर थोड्या वेळाने बघत राहा. ती थांबली की इंजिन बंद करा, मग कितीही घाई असो.

चला, तुमच्या ओळखीत कुणी किनाऱ्यावरून इंजिन आणत असेल, तर गाडी घाट चढायच्या आत त्याला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात!