भट्टी का फुटली?

औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) आमच्या वस्तीतील एका भगिनीने गेल्या हिवाळ्यात नानकटाईचा घरगुती धंदा सुरू केला. बचत गटाचे कर्ज काढून अंगणात विटांची भट्टी बांधली. महिना भरायच्या आत आतले सांधे भुसभुशीत झाले आणि घुमट खाली बसला. हप्ता मात्र थांबला नाही. शेजारी म्हणाले, नजर लागली. कोणी लिंबू-मिरची आणून दिली. कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण. म्हणून आम्ही कारण शोधायला बसलो.

कारण सांध्यातच होते. भट्टीला घराच्या भिंतीसारखाच सिमेंट-वाळूचा माल वापरला होता. सिमेंट पाण्यामुळे घट्ट होते आणि ते पाणी त्यात बांधलेले राहते. जाळ लागला की पाणी निघून जाते. सुमारे ३०० अंशांपुढे पकड सैल होऊ लागते. आणखी तापल्यावर सिमेंटमधील चुन्याचे रूप बदलते; भट्टी निवल्यावर तो ओल ओढून फुगतो आणि सांधा फोडतो. मातीचे उलटे आहे. ती जाळात भाजून पक्की होते. वीट आणि मडके ही त्याची साक्ष.

मग माल नव्याने कालवला. एकाच घमेल्याने मापून चाळलेली बारीक वाळू ३, फायर क्ले म्हणजे जाळ सोसणारी माती १, विझवलेल्या चुन्याची भुकटी १ आणि सिमेंट १. सिमेंट फक्त सुरुवातीच्या पकडीसाठी. पुढे माती आणि चुना सांधा धरतात. आधी सुके मिश्रण एकजीव करावे, मग पाणी थोडे थोडे घालावे. विटा भिजवून घ्याव्यात, सांधा पातळ ठेवावा. चुन्याने हात-डोळे पोळतात. हातमोजे घालावेत, लेकरांना लांब ठेवावे.

फायर क्ले मिळाली नाही तर चिकणमाती, वाळू आणि विटांची चाळलेली पूड चालते. आपली काळी माती एकटी वापरू नये. ती वाळताना आक्रसते. मालाचा लाडू करून वाळवावा. तडकला तर वाळू वाढवावी, हाताने चुरला तर माती.

बाहेरच्या लिंपणात भुसा घालावा, म्हणजे तडे कमी जातात. ही युक्ती जुनी आहे. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात माती-चुन्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या अभ्यासकाचाही सहभाग होता.

भट्टी आठवडाभर सावलीत वाळू दिली. नंतर आठवडाभर रोज लहान जाळ, दररोज थोडा वाढवत. घाई केली तर आतल्या ओलीची वाफ होऊन सांधे उडतात.

आज त्या भट्टीतून नानकटाई निघते आणि हप्ताही फिटतो. आपल्या बापजाद्यांनी या शहराच्या विटा वाहिल्या, माल कालवला. तो तसाच का कालवायचा, हे त्यांना कोणी सांगितले नाही. ते आता आपणच एकमेकांना सांगू या.

जय भीम!