सोळाशे मीटर आणि गोळा

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने व्यायामावर काय बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि तो आमच्या विषयात फार जुना आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे पहाटे गावाबाहेर पडलं की डांबरी रस्त्यावर भरतीची पोरं धावताना दिसतात. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची. त्यात 1600 मीटरला 20 गुण (मुलींना 800 मीटर), 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. मुलांचा गोळा 7.26 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. आता बेरीज करा. दमाचे गुण 20, आणि झटक्यात जोर लावण्याचे 30! तरी बरीच पोरं वर्षभर फक्त धावतात, गोळा हातात घेतात तो शेवटच्या आठवड्यात. जिममध्ये दंड फुगवणाऱ्यांचं उलट. सोळाशेच्या तिसऱ्या फेरीत त्यांचे पाय जड होतात.

ही दोन कामं शरीराला वेगवेगळी आहेत. लांब धावण्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलतं, स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात. वजनाचं निराळं. पहिले काही आठवडे स्नायू फारसा वाढतच नाही, मेंदू अधिक तंतूंना एकदम कामाला लावायला शिकतो. जाडी नंतर येते. म्हणून शेवटच्या आठवड्यातला गोळा लांब जात नाही.

मग दोन्ही रोज भरपूर करावं का? रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने 1980 मध्ये हेच तपासलं. एक गट फक्त वजन उचलणारा, एक फक्त दमाचा व्यायाम करणारा, एक दोन्ही करणारा. मुदत 10 आठवडे. दोन्ही करणाऱ्यांचा दम चांगला वाढला, पण ताकद सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत वाढून थांबली आणि मग उतरली. यावरून ‘धावलं की ताकद जाते’ असा समज पसरला. तो अर्धवट आहे. त्या गटाचं वजन आठवड्यातून 5 दिवस आणि दमाचा व्यायाम 6 दिवस होता. सावरायला सवडच नव्हती. ॲरिस्टॉटलने मध्यम प्रमाण समजावताना मायलो या पहिलवानाचं उदाहरण दिलंय: त्याला जो आहार कमी पडेल, तोच नवशिक्याला जास्त होईल. मध्य हा आकड्यांचा नसतो, माणसागणिक असतो.

आम्ही पोरांना सांगतो ते एवढंच. आठवड्यात तीन दिवस धावा, त्यातला एकच दिवस जीव तोडून. दोन दिवस ताकदीचे: बैठका, जोर, पाठीवर अर्धं भरलेलं धान्याचं पोतं घेऊन पायऱ्या, आणि गोळा. दोन्ही एकाच दिवशी आलं तर आधी ताकद, मग धावणं. मध्ये काही तास गेले तर उत्तम. पाय भरून आले असतील त्या दिवशी वेगाने धावू नका. उरलेले दोन दिवस आराम, आणि तो आळस नव्हे.

आपल्याकडे आणखी दोन अडचणी आहेत, ऊन आणि वाघ. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या जंगलकडेला अंधारात एकट्याने धावू नये, आणि मे महिन्यात उजाडल्यावर फार वेळ धावताही येत नाही. ताकदीचा व्यायाम मात्र अंगणात होतो. त्या महिन्यांत तोच वाढवा.

भरती नसलेल्यांसाठीही दोन्ही लागतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. आमच्या वयाची मंडळी फिरायला जातात, आणि खुर्चीतून उठताना हात टेकवतात! त्यांनी खुर्चीवरून हात न लावता दहादा उठबस करावी. रोवणीला वाकणाऱ्या, मोळी वाहणाऱ्या बायांना हे सांगायची सोय नाही. त्यांचं दोन्ही होतं, फक्त आराम आणि पुरेसं जेवण होत नाही.

शेवटी एक, आणि ते पालकांनी ऐकावं. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल आहे. वाहक असलेली मुलं सहसा व्यायाम करू शकतात, पण उन्हात, पाणी न पिता, एकदम जोरात धावलं तर जिवावर बेतू शकतं. सराव सुरू करण्याआधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या, आणि सोबत धावणाऱ्या मित्रालाही ते माहीत असू द्या.